इंग्रजीत निबंध लिहिताना आपले म्हणणे पटवून कसे द्यावे?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी.

लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणारी, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) किंवा जीआरई (परदेशी पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देणारी मुले-मुली आपले निबंध तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. त्यांतील बहुतेकांचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या नाहीतर एखाद्या संस्थेच्या शाळेत झालेले असते. वही पुढे ठेवताना जवळजवळ प्रत्येकाची विनंती एकच असते, "सर, तेवढे ग्रामर बघून द्या." मी ग्रामर बघतोच, परंतु इतके निबंध वाचून माझे मत असे झाले आहे की, निबंध वाचणाऱ्याला पटत नाही याचे कारण बहुतेक वेळा व्याकरणात नसते. लिहिणाऱ्याची भूमिका काय आहे हे शेवटचा परिच्छेद येईपर्यंत कळत नाही, आणि दिलेला पुरावा त्या भूमिकेला कसा जोडला जातो हे कुठेच सांगितलेले नसते. या दोन गोष्टींवर सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांचे म्हणणेही ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

उदाहरण आपल्याच भागातले घेतो. 'दुष्काळी तालुक्यांत उसाच्या लागवडीवर मर्यादा आणावी का?' हा विषय मी मुलांना नेहमी देतो, कारण त्यावर प्रत्येकाच्या घरात काही ना काही बोलणे झालेले असते. निबंधाची सुरुवात हमखास 'सिन्स टाइम इमेमोरियल' किंवा 'वॉटर इज लाइफ' अशा वाक्याने होते. त्यानंतर पाण्याचे महत्त्व येते, मराठवाड्यातील दुष्काळ येतो, २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आणलेले पाणी येते, शेतकऱ्यांच्या अडचणी येतात, कारखान्यांचे राजकारण येते, आणि अगदी तळाशी 'म्हणून ऊस कमी केला पाहिजे' असे एकच वाक्य असते. यातली माहिती खोटी नसते, पुष्कळदा चांगली असते. परंतु इंग्रजी निबंध तपासणारा माणूस पहिल्याच परिच्छेदात शोधत असतो की, या लेखकाला आपल्याकडून काय मान्य करून घ्यायचे आहे. ते त्याला सापडले नाही, तर पुढची सगळी माहिती तो कोणत्या खात्यावर जमा करायची हे न कळता वाचत राहतो.

आता त्या रेल्वेच्या पाण्याकडे बारकाईने पाहू. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले, हे मुलांना तोंडपाठ असते. पण या आकड्याने सिद्ध काय होते? टंचाई भीषण होती, एवढेच. टंचाईचे कारण ऊस होता, हे या आकड्यातून आपोआप निघत नाही. पाऊस सलग कमी झाला म्हणून टंचाई आली, असे विरुद्ध बाजूचा माणूस त्याच आकड्याच्या आधारे म्हणू शकतो. पुरावा आणि भूमिका यांच्यामध्ये एक वाक्य हवे असते. ते असे असू शकेल : लातूर शहराचे पिण्याचे पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून येते आणि त्याच खोऱ्यातील ऊस बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ शेतात उभा राहून त्याच पाण्यावर वाढतो, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी या दोन गरजा समोरासमोर येतात. हे वाक्य लिहिले की रेल्वेचा आकडा कामाला लागतो. मुले ते लिहीत नाहीत, कारण लातूरच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. परंतु निबंध वाचणारा लातूरचा नसतो.

तिसरी गोष्ट विरुद्ध बाजूची. उसाच्या विरोधात लिहिणाऱ्या निबंधांत शेतकरी एक तर अडाणी ठरतो किंवा लोभी ठरतो, आणि हे मला फार खटकते, कारण लिहिणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या घरी बहुधा ऊस असतो. ऊस लावण्यामागे सरळ हिशेब आहे. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, आहे, ती कायद्याने ठरते, घेणारा कारखाना ठरलेला असतो आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे बंधन आहे. ते सगळीकडे पाळले जाते असे नाही, पण बंधन आहे. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांना हमीभाव जाहीर होतो, मात्र त्या भावाने माल घेणारे केंद्र वेळेवर उघडेल आणि आपला माल घेईल, याची खात्री शेतकऱ्याला नसते. हे मान्य करून जो निबंध पुढे जातो तो उसाच्या विरोधात असूनही शेतकऱ्याला पटू शकतो. तेव्हा भूमिकाही अधिक नेमकी होते : कडधान्यांच्या खरेदीची हमी आधी द्यावी आणि मगच दुष्काळी तालुक्यांत उसाच्या नव्या लागवडीवर मर्यादा आणावी.

व्याकरणाला महत्त्व नाही, असे माझे म्हणणे नाही. आयईएलटीएसच्या दुसऱ्या निबंधाला ४० मिनिटे आणि किमान २५० शब्द असतात, आणि त्याचे गुण चार निकषांवर समान वाटलेले असतात. त्यांतला व्याकरणाचा निकष एक, शब्दसंपदेचा एक, मांडणीच्या सुसंगतीचा एक, आणि प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा एक, ज्यात तुमची भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट आहे का हे पाहिले जाते. म्हणजे व्याकरणाकडे एक चतुर्थांश गुण आहेत. आमची मुले मात्र तयारीचा जवळजवळ सगळा वेळ त्या एका चतुर्थांशावर खर्च करतात.

जाणकारांनी आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

दुधनातीर

सर, लेख आवडला. मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो. आपण सांगितलेल्या सवयीचे मूळ मला वक्तृत्व स्पर्धांमध्ये दिसते आणि ते स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते.

आपल्याकडे वैचारिक निबंध आणि भाषण या दोहोंमध्ये फारसा फरक केला जात नाही. स्पर्धेतील मुलगा सुरुवातीला एखादी काव्यपंक्ती म्हणतो, मग "सन्माननीय व्यासपीठ" म्हणतो आणि मग एकामागून एक प्रश्न विचारतो : हे कुठवर चालणार? याला जबाबदार कोण? आपण कधी जागे होणार? श्रोते टाळ्या देतात, कारण उत्तर सगळ्यांना आधीच मान्य असते. तोच मुलगा इंग्रजी निबंधात 'हू इज रिस्पॉन्सिबल फॉर धिस?' असे लिहून पुढे जातो आणि उत्तर लिहीत नाही. व्यासपीठावर हा प्रश्न म्हणजेच विधान असते. कागदावर तो न दिलेले उत्तर ठरतो. मी वर्गात एक साधा नियम केला होता की, निबंधात प्रश्न विचारला तर पुढच्याच वाक्यात त्याचे उत्तर आणि त्याच्या पुढच्या वाक्यात त्या उत्तराचे कारण आले पाहिजे. या नियमामुळे मुले प्रश्न विचारणे आपोआप कमी करीत असत.

दहावीच्या इंग्रजीत 'व्ह्यू–काउंटरव्ह्यू' हा, म्हणजे दिलेल्या मताच्या विरुद्ध मत मांडण्याचा, प्रकार आला, ही मोठी सोय झाली आहे, परंतु तिचा उपयोग आपण करून घेत नाही. दिलेल्या मुद्द्यांच्या शेवटी 'नॉट' जोडून उलटे मुद्दे तयार करण्याची पद्धत गाइडांनी रूढ केली आहे. समोरच्याचे म्हणणे उलटे करणे आणि त्याला उत्तर देणे, यांत फार अंतर आहे.

धारूरकर

मांजराकाठ सर आणि दुधनातीर सर, आपल्या दोघांविषयी पूर्ण आदर ठेवून मतभेद नोंदवतो.

भूमिका आधी, कारणे नंतर, ही रीत इंग्रजांची आहे. आपल्याकडे माणूस विषयाला हळूहळू हात घालतो, आजूबाजूची परिस्थिती सांगतो, ऐकणाऱ्याला सोबत घेतो आणि मग आपले मत ठेवतो. पंचायतीत बोलणारा वडीलधारा माणूस "माझे मत असे आहे" म्हणून उभा राहत नाही. तसे करणे उद्धटपणाचे मानले जाते. आपण मुलांना ही रीत सोडायला लावतो, तेव्हा केवळ निबंधाचा साचा बदलत नाही, बोलण्यातली मर्यादाही बदलते. दुसरे असे की, ज्याचे इंग्रजी मुळातच कच्चे आहे त्या मुलाने आधी मराठीत विचार करायचा, मग इंग्रजी साच्यात बसवायचा आणि मग शब्द शोधायचे, हे ओझे त्याच्यावर का टाकावे? त्याला नमुन्याचे पाच-दहा निबंध पाठ करू दिले, तर निदान परीक्षेपुरते त्याचे काम भागते.

मांजराकाठ

धारूरकर, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याला अभ्यासकांमध्येही मोठा इतिहास आहे, म्हणून जरा लांबून उत्तर देतो.

१९६६ साली रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने असे मांडले की, प्रत्येक संस्कृतीची परिच्छेद रचण्याची रीत वेगळी असते आणि परदेशी विद्यार्थी आपापली रीत इंग्रजीत घेऊन येतात. त्याने आकृत्याही काढल्या होत्या. इंग्रजीसाठी सरळ खाली जाणारी रेघ आणि पूर्वेकडील भाषांसाठी आत आत वळत जाणारे वर्तुळ. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. परक्या भाषेत धडपडत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवरून त्यांच्या संपूर्ण संस्कृतीच्या विचारपद्धतीचा निष्कर्ष काढता येत नाही. मला त्यापेक्षा जॉन हाइंड्स यांनी १९८७ साली मांडलेला भेद अधिक उपयोगी वाटतो. त्यांच्या मते काही भाषांतील लेखनात अर्थ जुळवण्याची जबाबदारी वाचकावर असते आणि इंग्रजीत ती लेखकावर असते. रेल्वेच्या पाण्याचे जे उदाहरण मी वर दिले, ते नेमके इथे बसते. मधली कडी वाचक जुळवून घेईल, असे आपण धरून चालतो, आणि इंग्रजी वाचक ती लेखकाकडून मागतो.

पण भूमिका आधी सांगणे ही केवळ इंग्रजांची रीत आहे, हे मला मान्य नाही. न्यायशास्त्रातील, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातील, अनुमानाची पाच अंगे आठवून पाहा : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. यात सिद्ध करायची गोष्ट सर्वांत आधी येते आणि धूर व अग्नी यांना जोडणारा नियमही मोकळेपणाने सांगितला जातो. पुरावा आणि दावा यांना जोडणारे गृहीत उघड करून पाहावे, असे स्टीफन टुलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली सांगितले आणि त्याच्या आधारे आज अमेरिकेतील महाविद्यालयांत निबंध शिकवले जातात. ते गृहीत आपल्या परंपरेत उदाहरणाच्या अंगातच बसवलेले होते. विरुद्ध बाजू आधी मांडायची, तिला पूर्वपक्ष म्हणायचे आणि मग सिद्धान्ताकडे जायचे, ही तर आपल्याकडे वादाची शिस्तच होती. मराठीत ही शिस्त पाहायची असेल तर आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे वैचारिक लेखन वाचावे. पंचायतीत वडीलधारी मंडळी हळूहळू मुद्द्यावर येतात ते बरोबरच आहे, कारण तिथे समोरची माणसे, त्यांची नाती आणि उद्याचा संबंध सांभाळायचा असतो. परीक्षकाशी आपला असा संबंध नसतो. त्याच्याजवळ काही मिनिटे असतात आणि आपल्याजवळ कागद असतो.

मराठी माणसाने इंग्रजीत पटवून कसे द्यावे, याचा माझ्या मते सर्वांत चांगला धडा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेल्या भाषणात आहे. पुढच्याच वर्षी ज्यांच्या संस्थेने आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, त्यांचे हे इंग्रजी आपल्या मुलांना परके वाटण्याचे कारण नाही. त्या भाषणातील एकच भाग घ्या. संविधान सभेने फार वेळ घेतला आणि जनतेचा पैसा वाया घालवला, अशी तक्रार होती. बाबासाहेब ती तक्रार आधी सांगतात, आणि मवाळ करून सांगत नाहीत. रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या नीरोची उपमा टीकाकारांनी दिली होती, तीही ते स्वतःच सभागृहापुढे ठेवतात. मग या तक्रारीला आधार आहे का, असा प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर इतर देशांच्या कालावधीने देतात. अमेरिकेचे काम १७८७ साली २५ मे ते १७ सप्टेंबर एवढ्यात आटोपले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष लागले, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली. आपल्याला २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस लागले. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यापेक्षा आपण अधिक वेळ घेतला, हे ते सरळ मान्य करतात. त्यानंतरच ते सांगतात की, आपल्या संविधानात ३९५ कलमे आहेत आणि अमेरिकेच्या संविधानात सात. शिवाय आपल्या सभेला २,४७३ दुरुस्त्यांचा विचार करावा लागला. दुधनातीर सरांचा नियम इथे तंतोतंत पाळलेला दिसेल : प्रश्न विचारला आणि उत्तर लगेच दिले. वाक्ये पाहिली तर ती आपल्या बारावीच्या मुलालाही समजतील इतकी सरळ आहेत. जोर शब्दांत नाही, आकडे ज्या क्रमाने ठेवले आहेत त्या क्रमात आहे.

पाठांतराविषयी एवढेच सांगतो की, आयईएलटीएसच्या परीक्षकांना पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे प्रशिक्षण असते, आणि संपूर्ण पाठांतराचे उत्तर सर्वांत खालच्या बँडमध्ये, म्हणजे गुणांच्या पातळीत, जाते. टोफेल या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेत २०२३च्या जुलैपासून जुना स्वतंत्र निबंध काढून त्याजागी १० मिनिटांचे लेखन आले, ज्यात प्राध्यापकाचा प्रश्न आणि दोन विद्यार्थ्यांची मते वाचून आपले मत लिहायचे असते. तिथे पाठ केलेला निबंध कुठे बसवणार? समोरच्या दोघांना उत्तर द्यावेच लागते.

उदगीरची अभ्यासिका

सर, मी एमएस्सी झाले असून परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करीत आहे. धागा वाचून पुष्कळ उलगडा झाला, परंतु दोन शंका आहेत.

पहिली अशी की, क्लासमध्ये आम्हाला सांगतात, "इंग्रजीतच विचार करा, मराठीत विचार केला तर भाषांतर होते." आपण मात्र युक्तिवाद मराठीत रचावा, असे सुचवत आहात असे वाटते. यांतले नेमके काय करावे?

दुसरी शंका जरा काळजीची आहे. माझ्या एका मैत्रिणीने स्वतः लिहिलेला निबंध तिच्या विद्यापीठाच्या तपासणीत यंत्राने, म्हणजे एआयने, लिहिलेला म्हणून निघाला. तिचे इंग्रजी साधे आहे, वाक्ये छोटी आहेत. आमच्यासारख्यांनी साधे लिहिले तर संशय आणि अवघड लिहिले तर चुका, मग लिहावे तरी कसे?

गोदातीर

उदगीरच्या ताई, मी मूळचा नांदेडचा, सध्या परदेशात संशोधन करतो आणि विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्याचे कामही माझ्याकडे असते. दोन्ही शंकांना क्रमाने उत्तर देतो.

विचार कोणत्या भाषेत करावा, या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. भूमिका, कारणे, पुरावा आणि विरुद्ध बाजू यांचा कच्चा आराखडा मराठीत करण्यात काहीही वावगे नाही. उलट आपल्या सगळ्या शंका मराठीत मोकळेपणाने येतात. परंतु आराखडा शब्दांचा आणि तुटक असावा, पूर्ण वाक्यांचा नसावा. पूर्ण मराठी वाक्य लिहिले की त्याची ठेवण इंग्रजीत उतरते. जरी–तरीचे उदाहरण घ्या. मराठीत दोन्ही शब्द हवेतच, म्हणून 'ऑल्दो द रेन वॉज गुड, बट द वेल्स वेअर ड्राय' असे वाक्य लिहिले जाते. इंग्रजीत त्यांतला एकच शब्द पुरतो. मतभेद मान्य करून पुढे जाणारे प्रत्येक वाक्य याच रचनेचे असल्यामुळे ही चूक नेमकी निबंधाच्या सर्वांत महत्त्वाच्या जागी दिसते, आणि म्हणून तिच्यावर आधी मेहनत घ्यावी.

विधानाचा जोर किती ठेवावा, याकडे आपले लोक फारच थोडे लक्ष देतात. आपल्या निबंधांत 'मस्ट', 'ऑल', 'नेव्हर' आणि 'एव्हरीबडी नोज' यांची गर्दी असते. सगळ्यांना माहीत आहे असे म्हटले की परीक्षक एक अपवाद शोधतो, आणि तो सापडला की संपूर्ण परिच्छेद पडतो. 'इन मोस्ट ड्राउट-प्रोन टालुकाज' असे म्हटले तर अपवाद सापडूनही विधान उभे राहते. हे शब्द भित्रेपणाचे नाहीत; आपल्याजवळ जेवढा पुरावा आहे तेवढेच आपण म्हणतो आहोत, याची ती ग्वाही आहे. दुसऱ्या टोकाला 'इन माय हम्बल ओपिनियन' हे पालुपद असते. निबंध तुमचाच असल्यामुळे मत तुमचेच आहे हे वाचकाला ठाऊक असते, आणि नम्रता दाखवायचीच असेल तर विरुद्ध बाजूला न्याय देऊन दाखवावी.

'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'इन अ नटशेल' हे जोडशब्द प्रत्येक वाक्याच्या तोंडी लावण्याची सवयही सोडावी. आयईएलटीएसच्या निकषांत यांत्रिकपणे वापरलेल्या जोडशब्दांचा उल्लेख मधल्या बँडचे लक्षण म्हणून केलेला आहे. आधीच्या वाक्यातील एखादा शब्द पुढच्या वाक्यात उचलून घेतला, तर जोडशब्दाशिवायही वाक्ये जुळतात.

आता यंत्राच्या संशयाविषयी. तुमच्या मैत्रिणीची तक्रार खरी असण्याची शक्यता मोठी आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली सात तपासणी साधने घेऊन टोफेलचे ९१ निबंध तपासले, आणि माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के यंत्राने लिहिलेले म्हणून दाखवले गेले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र याच साधनांनी जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण असे की, ही साधने पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात, आणि परक्या भाषेत लिहिणारा माणूस मर्यादित व ठरावीक शब्द वापरतो. हा उघड अन्याय आहे आणि माझ्या विभागात मी तो वेळोवेळी मांडतो. मैत्रिणीने आपले कच्चे आराखडे, मराठीतील टिपणे आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवाव्यात आणि लेखी खुलासा करताना त्या सोबत जोडाव्यात. शब्द अवघड करण्याची आवश्यकता नाही. निबंधात आपल्या भागातील नेमके तपशील असले तर वाचणाऱ्या माणसाला लेखक दिसतो. यंत्राला दिसेलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही.

हिंगोलीचा वाचक

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी थोडी भर घालतो, कारण अनेकजण उगाच धास्ती घेतात. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील २५० गुणांचा निबंधाचा पेपर मराठीत लिहिता येतो. इंग्रजीचा अनिवार्य पेपर ३०० गुणांचा असून तो केवळ पात्रतेसाठी आहे. त्यात २५ टक्के गुण लागतात आणि ते अंतिम यादीत धरले जात नाहीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यामुळे हाताने लिहिण्याचा आणि युक्तिवाद रचण्याचा सराव दोन्हीकडे उपयोगी पडतो. इंग्रजी निबंधाची तयारी करताना मराठी निबंध आपोआप सुधारतो, असे मी अनेक अभ्यासिकांतील मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. उलट दिशेनेही तसेच घडते.

आणखी एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या राज्यात शिकली. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होते आणि इंग्रजी सक्तीचे होते. मराठी घरातील मुलगा उर्दूतून इतिहास लिहायचा, इंग्रजीतून निबंध लिहायचा आणि घरी अभंग म्हणायचा. परक्या भाषेत आपले म्हणणे मांडण्याची मराठवाड्याला नव्याने सवय लावावी लागणार नाही.

धारूरकर

मांजराकाठ सर, न्यायशास्त्राचा दाखला मला पटला. प्रतिज्ञा आधी येते हे मी शाळेत भूमितीतही शिकलो होतो, पण निबंधाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. मर्यादेचा मुद्दा मात्र मी सोडत नाही; भूमिका आधी सांगायची असली तरी ती सांगण्याचा सूर सौम्य ठेवता येतो आणि तो ठेवायला मुलांना शिकवावे, एवढीच विनंती.

उदगीरची अभ्यासिका

सर्वांचे मनापासून आभार. ऊस हाच विषय घेऊन पहिला परिच्छेद लिहून पाहिला आहे. इंग्रजी देवनागरीत देत आहे :

'द गव्हर्नमेंट शुड लिमिट न्यू शुगरकेन प्लांटिंग इन द ड्राउट-प्रोन टालुकाज ऑफ मराठवाडा, बट ओन्ली आफ्टर इट गॅरंटीज द परचेस ऑफ पल्सेस. फार्मर्स चूज केन फॉर अ साउंड रीझन : इट हॅज अ फिक्स्ड प्राइस अँड अ सर्टन बायर. ऑल्दो धिस चॉइस इज सेन्सिबल फॉर ईच फॅमिली, येट इट ड्रॉज ऑन द सेम रिव्हर बेसिन दॅट सप्लाइज ड्रिंकिंग वॉटर टू लातूर. धिस मस्ट बी स्टॉप्ड.'

कृपया निःसंकोचपणे दुरुस्त्या सुचवाव्यात.

मांजराकाठ

ताई, पहिली दोन वाक्ये जशी आहेत तशी ठेवा. भूमिका पहिल्याच वाक्यात आली, तिची अटही तिथेच आली, आणि शेतकऱ्याच्या निवडीला तुम्ही 'साउंड रीझन' म्हटले हे विशेष चांगले झाले. धारूरकरांना हवा असलेला सौम्य सूर तो हाच.

तिसऱ्या वाक्यातील 'येट' काढून टाका. गोदातीर यांनी सांगितलेली जरी–तरीची जोडी तिथे आली आहे. चौथे वाक्य पूर्ण वगळा. त्यातील 'धिस' म्हणजे नेमके काय थांबवायचे, लागवड की उपसा की शेतकऱ्याची निवड, हे कळत नाही. शिवाय पहिल्या वाक्यात तुम्ही मर्यादा म्हटले आहे आणि इथे बंदी म्हणत आहात, त्यामुळे परीक्षक तुमची भूमिका बदलली असे धरेल. त्याजागी कमी पावसाच्या वर्षी काय होते याचे एक वाक्य लिहा आणि २०१६चा आकडा त्याला जोडा. 'टालुका' हा शब्द परदेशी वाचकाला माहीत नसतो, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे जिल्ह्याचा उपविभाग असल्याचे दोन-तीन शब्दांत सांगा.

दुसरा परिच्छेद कडधान्य खरेदीच्या हमीवर लिहा. तिथे विरुद्ध बाजू अशी येईल की, हमी दिली तरी साखर कारखान्यांत गुंतलेले भांडवल आणि तोडणी कामगारांचा रोजगार यांचे काय होणार. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तुमच्या निबंधात कुठेतरी आली पाहिजेत; त्यांना वगळून हा विषय पुरा होत नाही. लिहून झाले की इथेच टाका, मी आणि गोदातीर दोघेही पाहू.